होयची मान

ट्रॅमच्या काचेवर डोकं आपटल्याचा आवाज दोब्रिंकाने आधी ओळखला. डोकं कुणाचं ते नंतर पाहिलं. काही आवाज माणूस कानाने ऐकतच नाही, ते हाडांत बसलेले असतात. शनिवारची सकाळ होती, दहाचा सुमार, मार्चचं कोवळं ऊन, मांडीवर कागदात गुंडाळलेली गरम बानित्सा, चीज भरलेली पोळी, आणि सत्तावन्न वर्षांची दोब्रिंका आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच देशाची राजधानी, सोफिया, बघायला निघाली होती. एकटी. कुणाला न सांगता. सोन्याच्या घुमटांचं मोठं चर्च आधी बघायचं की पिवळ्या विटांचा रस्ता आधी, एवढाच काय तो तिच्यापुढे प्रश्न होता. आणि समोरच्या बाकावर, अगदी दोन हातांवर, एक गुळगुळीत दाढी केलेला, इस्त्रीचा कोट घातलेला माणूस शेजारी बसलेल्या बायकोचे केस मुठीत धरून तिचं डोकं काचेवर आपटत होता. एकदा. मग थांबून, हळू आवाजात काहीतरी समजावून सांगून, पुन्हा एकदा. तो ओरडत नव्हता. बाईही ओरडत नव्हती. मार्चात आमच्या बायका बांधतात तसा लाल-पांढरा दोरा तिच्या मनगटावर होता आणि तो दोरा ती दुसऱ्या हाताने घट्ट धरून बसली होती. डबाभर माणसं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसलेली.

दोब्रिंका उठली. का उठली ते तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. लोम गावात बारा वर्षं संसार केला तेव्हा ती कधी उठली नव्हती. "सोड तिला, मेल्या!" ती म्हणाली, आणि त्या माणसाने मागे वळूनही न बघता कोपर मारलं. ते बसलं तिच्या तोंडावर. खालचा ओठ फाटला, पुढचा दात अर्धा तुटून जिभेवर आला, बानित्सा पायाखाली गेली. ट्रॅम थांबली, चालवणाऱ्या बाईने दारं बंद ठेवून फोन केला, आणि पाचेक मिनिटांत बायकांचा बाजार म्हणतात त्या भाजीमंडईच्या चौकीवरचा एक कोवळा पोलीस आत चढला. छातीवर नाव होतं, वेलिन. त्याने त्या माणसाचं ओळखपत्र घेतलं आणि शाळेत हजेरी घ्यावी तसं मोठ्याने वाचलं. "रांगेल दोचेव. बायकांच्या बाजारामागे, एकवीस नंबर, तिसरा मजला. आणि ह्या बिल्याना बाई, तुमच्या पत्नी. काय झालं बाई?" बिल्याना म्हणाली, "काही नाही. गचका बसला. मी आपटले." चालवणारी बाई म्हणाली, "मी पुढे बघत होते साहेब. मी मागे बघायला लागले तर तुम्हाला रोज मढी उचलावी लागतील." बाकीचे लोक खिडकीबाहेर बघू लागले. शेवटी वेलिन दोब्रिंकाकडे वळला. तिने गळ्यातला रुमाल तोंडावर दाबून धरला होता आणि तो रुमाल आता पांढरा राहिला नव्हता. "मावशी, तुम्ही सांगा. ह्यानेच मारलं?"

दोब्रिंकाने मान हलवली. वर-खाली, दोनदा, ठाम.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाही तर पुढचा सगळा वेड्यांचा बाजार वाटेल. आम्हा बल्गेरियन लोकांची मान जगाच्या उलटी. वर-खाली केली की नाही, आडवी हलवली की होय. हे आम्ही आईच्या मांडीवर शिकतो, बोलण्याच्याही आधी. पण दोब्रिंका एकोणीस वर्षं व्हिएन्नात म्हाताऱ्यांची सेवा करत होती आणि गेली सात वर्षं तिच्या ताब्यात होती हेर्मिना बाई, ठार बहिरी. सूप झालं? औषध संपलं? मुलाचा फोन आला होता? सगळ्याला उत्तर एकच, म्हातारीच्या डोळ्यांसमोर उभं राहून मान वर-खाली, तिथली होय. दिवसातून शंभरदा. सुरुवातीला मानेला रग लागायची, पुढे मान तिकडचीच झाली. तर सोफियाच्या ट्रॅममध्ये, तोंड रक्ताने भरलेलं असताना, दोब्रिंकाने होय म्हटलं व्हिएन्नाचं, आणि वेलिनने ऐकलं सोफियाचं.

"नाही?" तो चकित झाला. "म्हणजे मारणारा हा नव्हे?"

नव्हे कसा! दोब्रिंकाने जिवाच्या आकांताने मान आडवी हलवली, तसं नाही, तसं नाही रे बाबा. आणि आमच्याकडे आडवी मान म्हणजे होय. होय, हा नव्हेच.

"बरं," म्हणत वेलिनने वहीत लिहून टाकलं. रांगेलने कोटाची कॉलर सारखी केली. तो दोब्रिंकासमोर किंचित वाकला आणि अगदी मनापासून म्हणाला, "देव तुमचं भलं करो, मावशी. हल्ली अशी समजूतदार माणसं राहिली नाहीत." मग त्याने बायकोच्या कोपराला हलकेच हात लावून तिला खाली उतरवलं, आजारी माणसाला उतरवतात तसं. उतरताना बिल्यानाने एकदाच मागे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आभार तर नव्हतेच. तू पण, एवढंच होतं. दारं बंद झाली.

तिला बोलता आलं असतं. हेच पुढे दोन दिवस तिच्या डोक्यात घणासारखं पडत राहिलं. रक्त थुंकायचं आणि म्हणायचं, थांबा, हाच तो. फार तर फरशी घाण झाली असती. पण तिने थुंकलं नाही, गिळलं. गिळायची सवय होती. लोमच्या त्या स्वयंपाकघरात फरशी पांढरी होती आणि मेतोदीला, तिच्या नवऱ्याला, पांढऱ्या फरशीवर डाग खपत नसे; तेव्हा मार खायचा तो उभ्याने, आणि तोंडात येईल ते गिळून टाकायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. ट्रॅम पुढच्या थांब्यावर पोचली तेव्हा ती उतरली आणि जुन्या स्नानगृहाजवळच्या गरम पाण्याच्या नळांपाशी जाऊन ओंजळी-ओंजळीने चूळ भरू लागली. पाणी कढत होतं, गंधकाचा वास मारत होतं, फाटक्या ओठाला लागून जीव जात होता, आणि तिला ते बरं वाटत होतं. बाटल्या भरायला आलेली एक जाडजूड म्हातारी शेजारी उभी राहून बघत होती. "नवऱ्याने?" तिने विचारलं. "नवरा मेला," दोब्रिंका म्हणाली. म्हातारीने बाटलीला बूच लावलं. "मेला ना! मग आता कोण मारतंय ग बये तुला?" ती हसली आणि बाटल्या उचलून चालती झाली.

मेतोदी मेला त्याला आज चाळीस दिवस होत होते. दोब्रिंकाने रजा त्यासाठीच काढली होती. व्हिएन्नाहून रात्रभरची बस, सोफियाला बदलायची, दुपारपर्यंत लोम, शनिवारी कबरीवर वाइन ओतायची, गोड शिजवलेला गहू लोकांच्या हातावर घालायचा, रविवारी परत. सोफियाच्या तळावर लोमची बस उभी होती, इंजिन चालू होतं, चालक शेवटचा झुरका मारत होता. दोब्रिंकाने एक पाय पायरीवर ठेवला आणि तो परत खाली घेतला. लग्न झालं तेव्हा मेतोदी म्हणाला होता, तुला सोफिया दाखवतो, घुमट दाखवतो, विटा दाखवतो. दाखवलं नाही, जे दाखवलं ते वेगळंच. तर आता आपलं आपण बघू, असं तिच्या मनात आलं आणि तिने छोट्या हॉटेलात खोली घेतली. इतकी साधी गोष्ट होती. ती नळापाशी उभी असतानाच पिशवीत फोन थरथरायला लागला. नणंद होती, गेर्गिना.

"वहिनी, अगं आहेस कुठे? गहू शिजलाय, पाद्री येऊन बसलाय, सगळी आळी स्मशानात उभी आहे!"

"सोफियात."

"सोफियात? काय करतेस तिथे?"

"गाव बघतेय."

"माझ्या भावाचा चाळिसावा आज, आणि तू गाव बघतेस? लोक शेण घालतील तोंडात."

"माझ्या तोंडात जागा नाही गेर्गिना. रक्त आहे."

"काहीतरीच बोलू नकोस. शेवटच्या दिवसांत तो तुझंच नाव घेत होता ग. दोब्रिंका, दोब्रिंका."

"नाव घ्यायचाच तो," दोब्रिंका म्हणाली. "मारताना पण घ्यायचा." आणि तिने फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

सोन्याचे घुमट तिने पाहिले ते कसे, तिचं तिलाच ठाऊक. मान वर करायची म्हटलं तरी आता भीती वाटत होती, मान वर केली की आपण कशाला तरी नाही म्हणतोय असं वाटे. आत गार अंधार होता, मेणाचा वास होता. तिच्या डोळ्यांसमोर मात्र लोमचं स्वयंपाकघर, आणि दारात टोपी काखेत मारून उभा राहिलेला हवालदार. शेजाऱ्यांनी बोलावला होता त्याला. तिच्या गळ्याचं हाड मोडलं होतं, डावा हात लोंबत होता, आणि तिच्या मागे घरातल्या सपाता घालून मेतोदी सूर्यफुलाच्या बिया सोलून खात उभा होता, टच, टच, टरफलं मात्र तळहातावर जमवत, कारण फरशी पांढरी. "वहिनी, ह्यानेच मारलं का?" हवालदाराने विचारलं होतं. शब्द सुद्धा तेच. आणि दोब्रिंकाने मान वर-खाली केली होती. तेव्हा तिची मान अस्सल लोमची होती. वर-खाली म्हणजे नाही. "मग पडलीस?" आडवी मान, होय. हवालदार मेतोदीकडे बघून म्हणाला, "जिना वाईट असतो हो," आणि दोघं हसले. त्यांच्या घराला जिनाच नव्हता. हवालदार गेल्यावर मेतोदीने तिच्या केसांवरून हात फिरवला, शाबास म्हणाला, आणि दहा दिवसांनी तेच हाड पुन्हा मोडलं. तिथे, त्या थंड चर्चमध्ये, दोब्रिंकाच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला. ट्रॅममध्ये हलली ती मान कुठली? हेर्मिना बाईची होय, की लोमची नाही? कोट इस्त्रीचा होता, माणूस शांत होता, तिच्याकडे रोखून बघत होता. तिला खरंच होय म्हणायचं होतं ना? तिला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या मानेची ग्वाही तिला देता येईना.

दाराशी बसलेल्या बाईकडून तिने दोन मेणबत्त्या घेतल्या. जिवंतांची वरच्या ताटात लावायची, मेलेल्यांची खालच्या वाळूत. मेतोदीची खाली, यात प्रश्न नव्हता. तिने ती पेटवली, वाळूत खोचली, आणि ती ज्योत सरळ, शहाण्यासारखी जळताना बघून तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की बोलता सोय नाही. पलंगावर मेला तो. धुतलेल्या चादरीवर, बहिणीच्या हातचं सूप पिऊन, हातात मेणबत्ती धरून. कुणी त्याला मारलं नाही! एकोणीस वर्षं तिने व्हिएन्नात कणीक मळताना त्याला मारलं होतं, गाद्या झटकताना मारलं होतं, बिडाचा तवा घासताना तर रोज, कपाळावर, नाकावर, त्या बिया सोलणाऱ्या दातांवर, हाड मोडल्याचा आवाज येईपर्यंत. एकदा लोमला दुपारी तो कोचावर घोरत असताना ती खरोखर तवा घेऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली होती. किती वेळ, देव जाणे. मग तिने तवा चुलीवर ठेवून त्याच्यासाठी मिरच्या भाजल्या. तिने वाळूतली मेणबत्ती उपटली, मोडली, अर्धुकांची पुन्हा अर्धुकं केली, गरम मेण बोटांवर ओघळलं तरी मोडतच राहिली. "ओ बाई! वेड लागलं का?" दाराशी बसलेली ओरडली. दोब्रिंकाने दुसरी मेणबत्ती बिल्यानासाठी वर लावली. मेणबत्ती टिकेना, कलून खाली वाळूत पडली. तिने झटकन उचलून पुन्हा वर लावली, दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि तशीच तडक चौकीवर गेली.

चौकीत वेलिन कागदी पेल्यातून बोझा, ते आंबवलेल्या धान्याचं पेय, पीत बसला होता. तिचं सगळं ऐकून घेतलं त्याने, आधी कपाळाला आठ्या घालून, मग हसू दाबून. शेजारचा जाडा सहकारी मात्र मोकळा हसला. "म्हणजे मावशी, मान व्हिएन्नात गहाण टाकून आलात की काय?"

"हसा," दोब्रिंका म्हणाली. दात तुटल्यामुळे शब्दांतून वारा जात होता. "पण लिहून घ्या. होय. त्यानेच मारलं. मला आणि तिला."

"सकाळी दोनदा विचारलं तुम्हाला," वेलिन म्हणाला. "दोनदा नाही म्हणालात. वहीत आहे. ती बाई म्हणते पडले, ट्रॅमवाली म्हणते दिसलं नाही. आता मी साहेबांना काय सांगू, साक्षीदाराची मान फिरली?"

"तो तिला मारून टाकेल रे पोरा."

वेलिनने पेला खाली ठेवला. तो वाईट नव्हता, कोवळा होता. "तिला घेऊन या," तो म्हणाला. "ती नुसतं होय म्हणाली, तर मी ह्या हातांनी बेड्या घालतो. पण तिने म्हणायला हवं."

तिने म्हणायला हवं. त्याचं खरं होतं. दोब्रिंकाला कुणी बारा वर्षांत म्हणायला लावलं नव्हतं, ते एक सोडा. पण आली असती एखादी बाई दारात, तर ती म्हणाली असती का? रविवारी सकाळी पिवळ्या विटांवरून चालताना हाच प्रश्न ती चघळत होती. विटा खरंच पिवळ्या होत्या, लोण्यासारख्या, आणि तिला त्यांचं काही वाटलं नाही. बस चारला होती. हेर्मिना बाईचा मुलगा म्हणाला होता, सोमवारी सकाळी हजर नसशील तर दुसरी बघतो. अजून वेळ होता. कुणाच्या बापाचं काय जात होतं तिने तो वेळ कॉफी पिण्यात घालवला असता तर? तिने त्या वेळात बायकांचा बाजार गाठला. मुळ्यांचे ढीग, चीजची पिंपं, "घे ग बाई, घे, सुंदरी" म्हणत ओरडणारे विक्रेते, आणि त्याच्या मागे एकवीस नंबरची जुनी इमारत. दाराला आमच्याकडे असतात तशा मयताच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, फोटोसकट. दोब्रिंका तिथेच खिळली. तिने एकेक चिठ्ठी वाचली, ओठ हलवत, लहान मूल वाचतं तशी. नव्वद वर्षांचा मास्तर. कुणी एक इंजिनियर, सहा महिने झाले. एक म्हातारी, पांढऱ्या केसांची. एक चिठ्ठी नवी कोरी होती, गोंद अजून ओला, आणि वाऱ्याने तिचा कोपरा दुमडून फोटो झाकला गेला होता. तिने तो सरळ केला. मिशीवाला म्हातारा होता. बिचाऱ्याचा मृत्यू वाचून दोब्रिंकाच्या तोंडून "देवा, बरं झालं" असं निघून गेलं.

तिसऱ्या मजल्यावर दार साखळीपुरतं उघडलं. बिल्यानाचा एकच डोळा दिसला, दुसरा सुजून मिटला होता. कालच्या काचेच्या बाजूचा नव्हे, दुसऱ्या बाजूचा. म्हणजे घरी आल्यावरचा. आतून तळणाचा वास येत होता आणि कुठेतरी पाण्याचा नळ वाहत होता.

"काल चूक झाली ग माझी," दोब्रिंका कुजबुजली. "मी होय म्हणत होते. ऐकतेस? तू आता माझ्याबरोबर चल. चौकी शंभर पावलांवर आहे. मारलं ना त्याने तुला?"

आणि बिल्यानाची मान वर-खाली झाली. नाही. हळू, अगदी नीट, हनुवटी वर उचलून. दोब्रिंकाने आयुष्यात ती मान समोरून कधी पाहिली नव्हती, ती स्वतः नेहमी त्या मानेच्या मागे, आतल्या बाजूला होती. अशी दिसते तर ही. ज्याला डोळे आहेत त्याला दिसतं की खोटं आहे. हवालदाराला दिसलं होतं, सगळ्यांना दिसतं. तिला त्या बाईची दया आली नाही, भयंकर राग आला, तिला धरून गदागदा हलवावं असा राग, आणि तो राग कुणावर आहे ते तिला लगेच कळलं.

"कोण आहे?" मागून आवाज आला. साखळी निघाली. रांगेल होता, खांद्यावर टॉवेल, गालावर साबणाचा ठिपका. क्षणभर त्याने ओळखलं नाही, मग त्याचा चेहरा खुलला. "अरे! बिल्याना, अगं ही तर आपली ट्रॅममधली मावशी! आणि तू दारात उभं केलंस? या, या आत."

ती आत गेली. स्वयंपाकघरातच टेबल होतं. त्याने खुर्ची पुसून दिली, दोन पेल्यांत राकिया, फळांची कडक दारू, ओतली, टोमॅटो कापायला घेतला. "कोपर चुकून लागलं हं काल," तो म्हणाला. "दाताचं मी बघतो, माझ्या ओळखीचा दंतवैद्य आहे. तुमच्यामुळे वाचलो मी. पण खरं सांगू, तुम्हाला बघताच मला वाटलं, ही बाई जुन्या वळणाची. घरची गोष्ट चार लोकांत न्यायची नसते हे तिला कळतं. माझी सासू तुमच्यासारखी असती तर हिला वळण लागलं असतं." त्याने पेला उचलला. "डोळ्यांत बघून घ्या, मावशी." दोब्रिंकाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मेतोदीचे नव्हते ते. मेतोदीचे करडे होते, हे तपकिरी, लांब पापण्यांचे, छान डोळे होते. तिने राकिया ओठाला लावली आणि जखम पेटून उठली. बिल्याना पाठमोरी उभी राहून बिडाच्या तव्यावर खिम्याचे गोळे परतत होती. एक गोळा करपला. वास आला. रांगेल बोलता बोलता थांबला.

"पाहुणे आहेत घरात," तो हळू म्हणाला. उठला. आवाज कालच्याइतकाच शांत. "पाहुण्यांसमोर करपलेलं वाढायचं का आपण? सांग ना. कशाला हात असतात बाईला?" त्याने तिचं मनगट पकडलं, लाल-पांढऱ्या दोऱ्याच्या वर, आणि तिचा तळवा उलथा करून तो तव्याकडे खाली खाली नेऊ लागला, घाई न करता. मध्येच वळून तो दोब्रिंकाकडे बघून ओशाळं हसला, आपलं माणूस म्हणून. बिल्याना ओरडली नाही. तिने डोळे मिटले आणि काहीतरी गिळलं.

ते गिळणं दोब्रिंकाने पाहिलं. नंतर तिला विचारलं असतं तर तिने तेवढंच सांगितलं असतं, तो गळा, ते गिळणं. ती उठली, तव्याची मूठ धरली, मूठ लाल गरम होती, तळहाताची कातडी चर्र झाली, तरी तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि एकोणीस वर्षं रोज जसा मारला होता तसा तवा मारला. नाकावर. हाडाचा आवाज आला. ओळखीचा होता, फक्त या वेळी दुसऱ्या बाजूने आला. गोळे भिंतीवर उडाले, तेल त्याच्या शर्टावर सांडलं, तो किंचाळला. केवढ्याने किंचाळला! इतका आवाज त्या माणसात होता तर. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसऱ्याला तो टेबलाखाली गेला आणि "मावशी, अहो मावशी, वेड लागलं का" असं रडत म्हणू लागला. दोब्रिंकाने चौथा उचलला. खूप सोपा होता चौथा. कपाळ समोर होतं. तेव्हा बिल्याना पहिल्यांदा बोलली. "पुरे," ती म्हणाली. "पुरे, मावशी. ऐका माझं. पुरे." दोब्रिंकाने तवा परत चुलीवर ठेवला, गॅस बंद केला आणि भाजलेले हात मांडीवर उताणे ठेवून खुर्चीवर बसली. तिने खाली पांढऱ्या फरशीवर पचकन रक्त थुंकलं.

शेजाऱ्यांनी फोन केला. किंकाळी पुरुषाची असली की करतात. वेलिन धापा टाकत आला, मागे तो जाडा. वेलिनने भिंतीवरचे गोळे पाहिले, टेबलाखाली नाक धरून बसलेला रांगेल पाहिला, दोब्रिंकाचे हात पाहिले.

"हिने! ह्या सटवीने!" रांगेल टॉवेलातून ओरडला. "मी घरात घेतली, राकिया पाजली!"

वेलिन बिल्यानाकडे वळला. "बाई, ह्या मावशींनीच मारलं?"

बिल्यानाने हनुवटी उचलली. मान वर-खाली, नीट, ठाम. "तो पडला," ती म्हणाली. "फरशीवर तेल सांडलं होतं."

जाडा सहकारी वहीत लिहायला लागला होता. सुटली असती दोब्रिंका. चारची बस मिळाली असती, सोमवारी हेर्मिना बाईला सूप मिळालं असतं, आणि ह्या घरातला जिनाही वाईट ठरला असता, कायमचा. वेलिन तिच्याकडे बघत होता. काल बघत होता तसाच, पण आज त्याचे डोळे तिच्या मानेवर होते. दोब्रिंकाने मान ताठ धरली, इकडे नाही की तिकडे नाही. तोंडात रक्त नव्हतं.

"होय," ती म्हणाली. "मी मारलं. ह्या हातांनी, ह्या तव्याने. होय. आणि काल ट्रॅममध्ये ह्याने मला मारलं आणि हिला मारलं, होय. आणि लोमला मेतोदीने मारलं. लिही. होय, होय, होय." तिला वाटलं होतं हा शब्द फार मोठा असेल. एवढासा होता. तिचा आवाज चिरकला आणि ती तिथेच, अनोळखी माणसांसमोर, तोंड न झाकता रडायला लागली.

बिल्याना तिच्याकडे बघत राहिली. रांगेल टेबलाखालून म्हणाला, "बिल्याना, मूर्खपणा करू नकोस हं." हळू म्हणाला. नेहमीच्या आवाजात. तिने मनगटावरचा दोरा दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

"बाई," वेलिन म्हणाला, "पुन्हा विचारतो. ह्याने तुम्हाला मारलं?"

बिल्यानाची मान हलली. आडवी. आधी जेमतेम, मग एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत.

वेलिनने पेन उचललं आणि थांबला. कालचा धडा तो विसरला नव्हता. "माफ करा, पण मला नक्की कळायला हवं," तो म्हणाला. "ही मान कुठली? आपली की परदेशातली?"

"साहेब," बिल्याना म्हणाली, "मी ह्या सोफियाच्या बाहेर कधी गेलेच नाही."